पहिल्या पदवीनंतर : यंत्रविद्या व वैद्यक यांचे उच्च शिक्षण आणि आपला व्यापारी वर्ग

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा आम्हांस शिक्षण या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. आमचा धंदा घाऊक धान्याचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्यापीठांच्या उच्च अभ्यासक्रमांविषयी आम्ही काय सांगावे? परंतु मागाहून विचार करिता असे वाटले की, ज्यास भूक ठाऊक आहे त्यानेच अन्नाची किंमत सांगावी. शिवाय या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आम्ही या लेखात पुढे सांगणार आहोत, म्हणजे आमचे बोलणे पुस्तकी नाही अशी आपली खात्री पटेल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पेडणे व डिचोली या आपल्या तालुक्यांतील मुलामुलींस अभियंत्याची किंवा डॉक्टरची पहिली पदवी मिळविणे आज पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. अडचण आहे ती त्यापुढे. पहिली पदवी हाती आली की आपण व्यापारी लोक मुलास दुकानाकडे आणि मुलीस लग्नाकडे वळवितो. परंतु या दोन्ही विद्यांचे खरे पीक त्या पदवीनंतरच्या वर्षांत उभे राहते. तोडणी नेमकी त्याच वेळी झाली, तर शेतात केलेला खर्च वाया जात नाही, पण बियाणेही हाती येत नाही.

जुना काळ

गोमंतकात वैद्यकाचे शिक्षण फार जुने आहे. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी, १८४५ साली उघडले. म्हणजे या विद्येचे दार आपल्या अंगणात मुंबईच्याही आधी बसले होते. पण ते दार आपल्या पेडणे-डिचोलीच्या लोकांस किती उघडे होते, हा प्रश्न वेगळा. हे तालुके अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पोर्तुगीज अंमलाखाली आले. त्यांस 'नव्या काबिजादी' म्हणत. येथील मुलांचे लिहिणे-वाचणे मराठीत चाले, आणि पणजीच्या शाळेची भाषा पोर्तुगीज. ज्याच्या घरी ती भाषा नाही, त्याने प्रथम भाषेचा डोंगर चढावा आणि मग विद्येचा.

त्या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांचीही एक मोठी अडचण होती. त्यांतील पुष्कळांनी पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत आरोग्यखात्याची चाकरी केली. परंतु खुद्द पोर्तुगालात पूर्ण मान्यता हवी, तर लिस्बन किंवा पोर्तो येथे जाऊन पुन्हा अभ्यास करणे भाग पडे. पहिली पायरी घरी आणि शिखर समुद्रापार, अशी स्थिती होती. ज्याच्या घरी जमीनजुमला व पैसा होता तो गेला. बाकीचे पहिल्या पायरीवरच थांबले.

याच काळात पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचा एक मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जग त्यांस डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखते. वडील मुलास घेऊन मुंबईस गेले. घरची स्थिती बेताची. वडील मातीच्या बाहुल्या करून विकीत असत असे सांगतात. भाऊ दाजी एल्फिन्स्टन संस्थेत शिकले, तेथे शिकवूही लागले, आणि बस्तान बसत असतानाच ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले म्हणून पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ साली त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पदवीनंतर त्यांनी पुस्तक मिटले नाही. कुष्ठरोगावर देशी औषधींचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. प्राचीन शिलालेख व नाणी यांचाही अभ्यास केला. १८७४ साली ते निवर्तले. मुंबईच्या भायखळ्यातील जुन्या संग्रहालयास १९७५ पासून त्यांचेच नाव आहे. मिळत असलेली चाकरी बाजूस ठेवून त्यांनी शिकण्यास आणखी वर्षे दिली नसती, तर पेडण्याचा एक हुशार शिक्षक एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

मुक्तीनंतरचा पालट

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटू लागले. १९६३ साली पणजीची ती जुनी शाळा गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. पुढे ती बांबोळीच्या पठारावर गेली. १९६७ साली गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आज ते फोंड्यानजीक फर्मागुडीस आहे. आरंभी या महाविद्यालयांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या असत. १९८४ चा कायदा होऊन १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा गोमंतकास स्वतःची पदवी मिळाली.

त्यानंतर तर संस्थांची रांगच लागली. २००४ साली झुआरीनगर येथे पिलानीच्या बिर्ला संस्थेची शाखा आली. २०१० साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आली; ती प्रथम फर्मागुडीस होती, नंतर कुंकळ्ळीस स्वतःच्या जागेत गेली. २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे वर्ग फर्मागुडीस सुरू झाले. आपल्या डिचोली तालुक्यात मये येथे सरकारी तंत्रनिकेतन आहे. तेथे पदविका घेतलेला यंत्रविद्येचा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मागू शकतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांस अद्याप ठाऊक नसते. पेडणे तालुक्यात धारगळ येथे २०२२ च्या डिसेंबरात अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र उघडले. म्हणजे ज्या तालुक्यातून भाऊ दाजींना वैद्यकासाठी मुंबई गाठावी लागली, त्याच तालुक्यात आज वैद्यकाची एक संस्था उभी आहे.

उच्च शिक्षण म्हणजे काय?

येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे, कारण आपल्या मंडळींत या बाबतीत पुष्कळ घोटाळा आहे. 'मुलगा इंजिनिअर झाला', 'मुलगी डॉक्टर झाली' असे म्हटले की सर्व संपले, असे आपण समजतो.

यंत्रविद्येची पहिली पदवी चार वर्षांची. मुलगा साधारण बाविसाव्या वर्षी ती घेतो. त्यापुढे एम्.टेक्. किंवा एम्.ई. ही दोन वर्षांची पदवी, आणि त्यापुढे संशोधनाची पीएच्.डी., जीस चार-पाच वर्षे सहज लागतात. एम्.टेक्.साठी 'गेट' नावाची देशव्यापी परीक्षा असते. वैद्यकाची पहिली पदवी म्हणजे एम्.बी.बी.एस. अभ्यास साडेचार वर्षांचा आणि रुग्णालयात उमेदवारी एक वर्षाची. त्यापुढे एम्.डी. किंवा एम्.एस्. तीन वर्षांची, या काळात विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून रात्रंदिवस रुग्णालयात राबतो, विद्यावेतन घेतो व प्रबंध लिहितो. आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा एकेका अवयवाचा विशेष तज्ज्ञ व्हावयाचे, तर आणखी तीन वर्षे डी.एम्. किंवा एम्.सीएच्. म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ तयार होईपर्यंत मूल तिशीस पोहोचते.

एवढी वर्षे कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर देतो. खाणीच्या खड्ड्यातील पाणी उपसणारा पंप बंद पडला, असे समजा. चांगला फिटर गळका भाग बदलून तो चालू करतो. पदवीधर अभियंता किती खोलीवरून किती पाणी उचलावयाचे याचे गणित मांडून योग्य पंप निवडतो. परंतु तोच पंप वर्षातून तीनदा का झिजतो, त्याच्या आतील पंख्यास खड्डे का पडतात, पाण्यातील बुडबुडे लोखंडास कसे खातात, हे शोधून पंपाची रचनाच बदलणारा मनुष्य निराळा असतो. त्यास पहिल्या पदवीतील विद्या पुरत नाही. वैद्यकातही तसेच आहे. ताप उतरविण्यास गावचा डॉक्टर पुरेसा. पण हा ताप याच गावात, याच महिन्यांत, याच लोकांस का येतो, हे शोधणे ही निराळी विद्या होय.

हे दृष्टांत आम्ही हवेतून काढलेले नाहीत. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि माणसांस तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील तज्ज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला, आणि तो गोचिडीच्या चाव्याने पसरतो हे दाखविले. हाच माकडताप २०१५ साली आपल्या शेजारच्या सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गच्या बाजूस आला. काजूच्या हंगामात रानात जाणारे लोक त्याच्या तावडीत सापडले. डिचोलीच्या बाजारात येणारी काजूबी कोणाच्या हातून येते, हे आम्ही व्यापाऱ्यांनी विसरू नये. त्या हातांचे रक्षण रक्त तपासणारे, गोचिडी ओळखणारे आणि गावोगाव नोंदी ठेवून रोगाची वाट शोधणारे तज्ज्ञ करितात. ते सर्व पहिल्या पदवीच्या पलीकडे गेलेले लोक असतात.

तांदळाच्या दाण्यातील धडा

यंत्रविद्या आणि वैद्यक यांचा आपसांत काय संबंध, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटे. त्याचे उत्तर आमच्याच पोत्यात होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

भातापासून तांदूळ काढताना तूस जाते, मग कोंडा जातो. हाताने कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थोडा थर राहतो. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या गिरण्या आल्या आणि तांदूळ पांढरा शुभ्र निघू लागला. गिऱ्हाईक खूश, गिरणीवाला खूश, व्यापारीही खूश. पण पूर्वेकडील देशांत बेरीबेरी नावाचा रोग बळावला. हातापायांतील शक्ती जाई, हृदय निकामी होई, माणसे मरत. बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जकार्तात, आयकमन नावाच्या डच डॉक्टरास १८९० नंतरच्या वर्षांत असे आढळले की, इस्पितळातील पांढऱ्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की बऱ्या होतात. १९०५ साली कुआलालंपूर येथील वेड्यांच्या इस्पितळात डॉ. फ्लेचर यांनी काही रोग्यांस सडलेला पांढरा तांदूळ आणि काहींस भारतीय पद्धतीचा उकडा तांदूळ देऊन पाहिले. बेरीबेरी झाला तो पहिल्यांस. उकडा खाणारे बचावले. १९२६ साली तांदळाच्या कोंड्यातूनच ते जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले. आयकमन यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यातील दोन्ही बाजू पाहा. रोग निर्माण झाला तो यंत्रामुळे, आणि यंत्र सुधारण्याची दिशा दाखविली ती वैद्यकाने. उकडा तांदूळ का तारतो? भात भिजवून वाफ दिली म्हणजे कोंड्यातील ते सत्त्व दाण्याच्या आत उतरते. शिवाय दाणा कठीण होऊन गिरणीत कमी तुटतो आणि कणी कमी पडते. आपल्या गोमंतकातील आज्या पिढ्यान्पिढ्या उकडे तांदूळ शिजवीत आल्या, त्यांत पोषण आणि यंत्रविद्या या दोहोंचा लाभ एकत्र होता. आम्ही चाळीस वर्षे उकडा व सुरय तांदूळ तोलीत आलो. कोणता महाग, कोणता स्वस्त, कोणत्यात कणी किती, ओल किती, हे आम्ही बोटांनी सांगू. पण का, हे आम्हांस कधी सुचले नाही. 'कसे' हे अनुभव शिकवितो. 'का' हे शिकण्यास मात्र विद्यापीठाची ती जास्तीची वर्षे लागतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन हे हृदयाचे शल्यवैद्य आणि भुवनेश्वर हे अभियंते यांनी मिळून हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. परदेशी झडपेची किंमत आपल्या गरीब रोग्यांस झेपत नसे. झडपेचे आधीचे तीन नमुने फसले. कोठे धातू दगा दे, कोठे तबकडी झिजे. चौथा नमुना उतरला आणि १९९० च्या डिसेंबरात तो प्रथम रोग्याच्या हृदयात बसविला गेला. हृदय म्हणजे पंप आणि झडप म्हणजे पंपाचा पडदा. तो मिनिटास सत्तर वेळा, वर्षानुवर्षे, न झिजता उघडझाप करावयाचा. हे काम एकटा वैद्य करू शकत नाही आणि एकटा अभियंताही करू शकत नाही. दोघेही आपापल्या विद्येत खोल उतरलेले असावे लागतात.

आमची चूक

आता आमच्या घरची गोष्ट. आमचा पुतण्या २०१८ साली यंत्रविद्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षास होता. मुलगा अभ्यासू. सुट्टीत गोदामात आला की पोत्यांवर चढून वारा कोठून येतो आणि ओल कोठे धरते, हे चिमणीचे पीस टांगून पाहत बसे. आम्ही त्यास हसत असू. त्याने 'गेट'ची परीक्षा दिली आणि त्यात तो चांगल्या रीतीने उतरला. त्या वेळी एम्.टेक्.च्या विद्यार्थ्यास 'गेट'च्या आधारे दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळे, म्हणजे घरातून फारसे देणेही नव्हते.

पण तेच वर्ष आमच्या व्यापारास वाईट गेले. २०१२ साली खाणी प्रथम बंद पडल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या. डिचोलीत ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते ते घरी बसले. आमच्या खतावणीत त्या घरांची उधारी होती. ती वसूल करण्यास जाणे आमच्या जिवावर येई. दोन गुमास्ते कमी करावे लागले. थोरल्या भावाची प्रकृती खालावलेली. आम्ही पुतण्यास घरी बोलाविले आणि सांगितले, "आता शिकलास तेवढे पुरे. दुकान वाचले तर पुढचे पाहू." तो काही बोलला नाही. त्याने जागा स्वीकारली नाही आणि जूनपासून गल्ल्यावर बसू लागला.

दुकान वाचले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुढे एक गोष्ट कळली. 'गेट'चे गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात. म्हणजे वर्ष-दोन वर्षे दुकानास हातभार लावून तो २०२० सालीही जाऊ शकला असता. आम्ही चौकशीच केली नाही. पोत्यात किती वजन हे दोनदा तोलून पाहणारे आम्ही, मुलाच्या आयुष्याचा निर्णय न तोलता घेऊन मोकळे झालो. त्यानेही आठवण दिली नाही, कारण घरातील वडील माणसापुढे बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. ती तीन वर्षे आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

यंदा त्याच्या धाकट्या बहिणीने एम्.बी.बी.एस.ची उमेदवारी पुरी केली. तिला सामाजिक वैद्यकात एम्.डी. करावयाचे आहे. गावोगावच्या रोगांचा शोध घेणारी ती विद्या. दवाखाना थाटून पैसे देणारी नव्हे. घरात पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. मुलगी चोवीस वर्षांची, स्थळे येत आहेत, तीन वर्षे आणखी कशाला, दवाखाना काढून दिला तर काय वाईट? आम्ही गादीवर बसून ऐकत होतो. तेव्हा पुतण्या उठून म्हणाला, "काका, या खेपेस दुकानाची काळजी मला द्या. तिला जाऊ द्या." एवढेच. आम्ही मान खाली घातली. मुलगी जात आहे. आणि तिच्यासाठी येणाऱ्या स्थळांस आम्ही आधीच सांगतो की तिचे शिक्षण पुरे झाल्यावाचून बोलणे नाही.

व्यापाऱ्याचा हिशेब

कोणी म्हणेल, मुले शिकली की परत येत नाहीत. मग धंदा कोणी चालवावा? ही भीती खोटी नाही. परंतु आपल्याच समाजातील एका मोठ्या व्यापाऱ्याचे उदाहरण पाहावे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद हे व्यापारी घराण्यातले. १९४० साली त्यांनी बंगळुरास विमानांचा कारखाना उभारला आणि त्यानंतर विशाखापट्टणास जहाजबांधणीस हात घातला. भांडवल त्यांच्यापाशी होते, हिंमतही होती. पण विमानाच्या विद्येसाठी अमेरिकन माणूस आणावा लागला. भांडवल घरचे आणि विद्या उसनी, ही स्थिती पुढच्या पिढीने पालटावयाची होती. सांगलीस १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास वालचंदांचे नाव पुढे दिले गेले, ते या दृष्टीने फार योग्य झाले.

आणखी एक नाव घेतो. डॉ. अनिल काकोडकर यांचे वडील पुरुषोत्तम काकोडकर गोव्याच्या मुक्तिलढ्यातील अग्रणी. अनिल यांनी १९६३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून यंत्रविद्येची पदवी घेतली आणि अणुशक्ती केंद्रात नोकरीही धरली. तेथे त्यांना थांबता आले असते. ते इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेले आणि १९६९ साली धातूंवरील ताणांच्या अभ्यासात वरची पदवी घेऊन परत आले. पुढे 'ध्रुव' अणुभट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. गेलेला मनुष्य परत येतो. फक्त त्यास परत येण्याजोगे काम हवे.

ते काम आपल्या भागात आज आहे की नाही? पेडण्यात मोपा येथील विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत विमाने उडू लागली. जेथे विमानतळ तेथे यंत्रे, शीतगृहे, वातानुकूलन आणि त्यांची निगा आलीच. खाणी चालल्या तरी त्यांस पूर्वीची पद्धत पुरणार नाही. धूळ कमी, पाणी स्वच्छ आणि खड्डे बुजविलेले, अशाच खाणी यापुढे लोकांस चालतील, आणि ते काम यंत्रविद्येच्या जाणकारांचे आहे. त्या धुळीने कोणाच्या फुप्फुसात काय झाले हे पाहणे वैद्यकाचे काम आहे. आमच्या गोदामात चाळीस वर्षे पोती वाहणाऱ्या हमालाचा खोकला जात नाही. तो धान्याच्या धुळीचा की आणखी कशाचा, हे सांगणारा तज्ज्ञ गाठण्यास त्यास बांबोळीस जावे लागते, एका दिवसाची मजुरी बुडवून. आपल्या तालुक्यांतून असे तज्ज्ञ निघाले तर परत येण्यास कारण हवे असे ते म्हणणार नाहीत.

काही व्यवहार्य सूचना

म्हणून आम्ही चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, पदवीच्या तिसऱ्या वर्षातच घरात बसून मुलाशी पुढच्या शिक्षणाची बोलणी करावी. परीक्षा केव्हा असते, गुण किती वर्षे चालतात, विद्यावेतन किती मिळते, हे कागदावर लिहून काढावे. आम्ही हे केले नाही म्हणून फसलो.

दुसरी, मुलीच्या बाबतीत वेगळा काटा वापरू नये. वैद्यकाच्या वर्गांत आज मुली पुष्कळ आहेत. त्यांची पहिली पदवी आपण लग्नाच्या याद्यांत मिरवितो आणि दुसरीस अडथळा करितो, हे न्यायाचे नाही.

तिसरी, आपल्या संघाची शिष्यवृत्ती आजवर पहिल्या पदवीपर्यंतच दिली जाते. ती पदव्युत्तर अभ्यासासही द्यावी. त्यासाठी नवा फंड नको. आपण पोत्यामागे जो धर्मादाय काढतो, त्यातील एक भाग दरवर्षी वेगळा ठेवावा, आणि पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतून दरसाल निदान एक यंत्रविद्येचा आणि एक वैद्यकाचा विद्यार्थी, जातपात न पाहता, निवडावा. धर्मादाय गिऱ्हाइकाच्या पैशातून निघतो. तेव्हा त्याचा लाभ गिऱ्हाइकाच्या मुलासही पोहोचला पाहिजे.

चौथी, ही मदत देताना परत येण्याची किंवा आपल्या दुकानात बसण्याची अट घालू नये. अट घातलेले दान म्हणजे उधारी होय.

आपल्या धर्मात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदान आपण व्यापारी सहज करितो, कारण ते आपल्या गोदामातच आहे. परंतु एका मुलास उच्च वैद्यकाच्या शिक्षणास मदत केली, तर शास्त्रदान आणि औषधदान ही दोन्ही एकदमच घडतात, आणि रोगाच्या भीतीतून एखादे गाव सुटले तर अभयदानही. डिचोली तालुक्यात कुडणे व नार्वे येथे जुन्या जैन वास्तूंचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. ज्यांनी त्या उभारल्या त्यांची वहीखाती गेली, दुकाने गेली, नावेही गेली; दिलेले तेवढे दगडात शिल्लक राहिले.

प्रत्येक शेतकरी सुगीनंतर धान्याचे दोन भाग करितो. एक खाण्याचा, दुसरा बियाण्याचा. वर्ष कितीही वाईट जावो, बियाण्याच्या कणगीस तो हात लावीत नाही. कारण ते खाल्ले तर पुढच्या मृगात पेरावयास काही उरत नाही. आम्ही २०१८ साली बियाण्यास हात लावला. वाचकांनी तसे करू नये, एवढ्यासाठीच हा लेख लिहिला. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.